ब्लेड, मॅलेट की झिरो टॉर्क? नवा पटर घ्यायच्या आधी हे बघा

गोल्फमध्ये ड्रायव्हर (पहिला लांब शॉट मारायची स्टिक) घेताना लोक तासभर सिम्युलेटरवर बॉल मारतात, स्पिन किती, लाँच अँगल किती सगळं विचारतात, आणि पटर (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, बॉल लोळवायची स्टिक) मात्र दुकानातल्या कार्पेटवर चार बॉल ढकलून, दिसायला मस्त आहे म्हणून घेऊन येतात. मला हे अजिबात पटत नाही. पार ७२ च्या, म्हणजे ७२ शॉटमध्ये संपवायच्या कोर्सवर निम्मे म्हणजे ३६ शॉट पटिंगचे धरलेले असतात, ड्रायव्हर फार तर १४ वेळा हातात येतो. तर ज्यांचं सध्या ब्लेड (छोटं, बारीक हेड) घेऊ, मॅलेट (मोठं हेड) घेऊ की तो नवीन झिरो टॉर्कवाला (स्वतःहून न वळणारं हेड) घेऊ असं चाललंय त्यांच्यासाठी तिन्ही समोरासमोर ठेवतोय. माझं मत आधीच सांगतो, हेडचा आकार नंतर बघा, आधी तुमचा पट चुकतो तो नेमका कसा चुकतो ते शोधा.

कारण चुकायला जागाच फार कमी आहे. होलचा व्यास सव्वाचार इंच. १० फुटांवरून मारताना फेस (हेडची बॉलला लागणारी बाजू) फक्त १ डिग्री उघडा, म्हणजे बाहेर वळलेला, राहिला तर बॉल होलच्या मध्यापासून साधारण दोन इंच बाजूला पोचतो, म्हणजे थेट कडेवर, आणि वेग थोडा जास्त असेल तर लिप आउट, म्हणजे होलच्या कडेला लागून बाहेर. पीजीए टूरवरचे (अमेरिकेतले व्यावसायिक) लोकसुद्धा ८ फुटांवरून निम्मेच पट घालतात. त्यामुळे आपले पट का चुकतात याची कारणं ढोबळमानाने तीनच: निशाणाच वाकडा लागतो, निशाणा बरोबर असतो पण मारताना फेस फिरतो, किंवा लाइन बरोबर असून बॉल फेसच्या मध्यावर लागत नाही आणि अंतर चुकतं. तिन्ही पटर या तीन चुकांवर वेगवेगळा इलाज करतात.

आधी ब्लेड. आज आपण ज्याला ब्लेड म्हणतो तो बहुतेक वेळा पिंगच्या ॲन्सरचाच वंशज असतो, कार्स्टन सोल्हाइमने १९६६ मध्ये आणलेला. त्या आधीचे बहुतेक पटर म्हणजे सरळ पट्टी, मधोमध लागला तर ठीक नाहीतर हेड हातात वळणार. सोल्हाइम मुळात इंजिनियर, त्याने वजन मधून काढून हील (दांड्याकडचं टोक) आणि टो (पलीकडचं टोक) अशा दोन टोकांना नेलं, त्यामुळे बॉल थोडा बाजूला लागला तरी हेड कमी वळतं. स्कॉटी कॅमेरॉनचा न्यूपोर्ट २ त्याच घराण्यातला, आणि टायगर वुड्सने त्याच्या १५ मेजर म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी १४ तसल्याच एका पटरने जिंकल्यात. ब्लेडचं खरं सुख म्हणजे त्याचा फील, बॉल कुठे लागला ते हाताला लगेच कळतं, आणि ग्रीनच्या कडेवरून पट मारायचा असला तरी छोटं हेड गवतात अडकत नाही.

ब्लेडमध्ये सहसा टो हँग असतो. हे दुकानातच तपासता येतं, हेडच्या जवळ शाफ्ट (दांडा) एका बोटावर आडवा तोलून धरा आणि हेड सोडून द्या. टो जमिनीकडे झुकला तर टो हँग, जितका जास्त झुकेल तितका जास्त, आणि फेस सपाट आकाशाकडे बघत राहिला तर फेस बॅलन्स्ड. ज्यांचा स्ट्रोक दार उघडतं-मिटतं तसा कमानीत जातो, मागे जाताना फेस उघडतो आणि पुढे येताना बंद होतो, त्यांना टो हँग साथ देतो. ज्यांचा स्ट्रोक खांद्यांनी सरळ मागे-सरळ पुढे असतो त्यांना फेस बॅलन्स्ड बरा वाटतो. हा काही लोखंडी नियम नाही, उलटं वापरूनही उत्तम पट मारणारे आहेत, पण सुरुवात करायला चांगली खूण आहे.

आता मॅलेट. मोठं हेड, वजन मागे आणि कडांना, त्यामुळे बॉल टोकडे किंवा हीलकडे लागला तरी फेस फारसा वळत नाही आणि बॉल जवळजवळ ठरवलेल्या अंतरापर्यंत जातो. शिवाय मागे लांब जागा असल्याने अलाइनमेंटच्या रेषा मोठ्या काढता येतात. ओडिसीचा टू-बॉल २००१ मध्ये आला तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतला तो याच कारणाने, बॉलच्या मागे बॉलएवढ्याच दोन पांढऱ्या चकत्या, तिन्ही एका ओळीत आले की निशाणा लागला. पूर्वी मॅलेट म्हणजे ज्यांना पट जमत नाही त्यांचा पटर असा समज होता आणि तो आता पूर्ण मोडलाय. स्कॉटी शेफलर २०२४ च्या मार्चमध्ये ब्लेड सोडून टेलरमेडच्या स्पायडर टूर एक्सवर गेला, त्याच आठवड्यात अर्नोल्ड पामर इन्व्हिटेशनल ही स्पर्धा जिंकला, पाठोपाठ प्लेयर्स आणि मग मास्टर्स या स्पर्धाही. रोरी मॅकलरॉयने २०२५ चं मास्टर्सही स्पायडरनेच मारलं. जगातले सगळ्यात चांगले बॉल मारणारे जर ती मदत घेतात तर रविवारी खेळणाऱ्याने लाजायचं कशाला?

इथे एक गैरसमज काढून टाकू. मॅलेट म्हणजे फेस बॅलन्स्डच असतो असं दुकानदारसुद्धा सांगतात, ते बरोबर नाही. हेडला शाफ्ट कसा जोडलाय त्यावर ते ठरतं. शेफलरच्या स्पायडरला एल-नेक (हेड आणि दांड्यामधला एल आकाराचा जोड) आहे, म्हणजे हेड मॅलेटचं पण टो हँग ब्लेडसारखा. त्यामुळे तुमचा स्ट्रोक कमानीचा असेल आणि ब्लेडचीच सवय असेल तर मॅलेट तुमच्यासाठी नाही असं समजू नका, छोट्या वाकड्या नेकचा किंवा एल-नेकचा मॅलेट मागा. माझ्या मते निम्म्या लोकांचा घोळ इथेच सुटतो.

मॅलेटचं उणं काय? ज्याला फील हवाय त्याला तो थोडा बधिर वाटतो, मध्यावर लागला काय आणि बाजूला लागला काय हाताला फरक कमी कळतो, म्हणजे सराव करताना चूक लपते. आणि काहींना त्या एवढ्या रेषा, कोपरे, पंख बघून निशाणा लागण्याऐवजी गोंधळच होतो. हे ज्याचं त्यानेच तपासायचं.

तिसरा झिरो टॉर्क, सध्या सगळीकडे याचीच चर्चा. लॅब गोल्फने हा प्रकार गाजवला आणि मग ओडिसीचा स्क्वेअर टू स्क्वेअर, टेलरमेडचा स्पायडर झेडटी असे सगळेच आले. कल्पना अशी की शाफ्टचा अक्ष हेडच्या गुरुत्वमध्याजवळून न्यायचा, म्हणजे स्ट्रोकमध्ये हेडला स्वतःहून उघडायची-मिटायची ओढच राहत नाही. लुकास ग्लोव्हर पटिंगच्या यिप्सने (मारताना हात नकळत झटकण्याच्या त्रासाने) वर्षानुवर्षं हैराण होता, २०२३ मध्ये लांब लॅब पटर घेतला आणि लागोपाठ दोन स्पर्धा जिंकला. जे. जे. स्पॉनने २०२५ चं यूएस ओपन ओकमाँटला शेवटच्या होलवर ६४ फुटांचा पट घालून जिंकलं तोही लॅबचा डीएफ३.

छोट्या पटला ज्यांचा हात थरथरतो, ४ फुटांवरून उजवीकडे ढकलतात नाहीतर डावीकडे ओढतात, त्यांनी हा नक्की हातात घेऊन बघावा. पण पहिले काही दिवस विचित्र वाटतो, हेडचं वजनच जाणवत नाही असं वाटतं, लांबच्या पटला अंतराचा अंदाज नव्याने बसवावा लागतो. दिसायलाही काही मॉडेल अवजड आहेत आणि किंमत अमेरिकेतच ४०० डॉलरच्या आसपास किंवा वर, आपल्याकडे कस्टम्स धरून अजून चढते. आणि एक लक्षात घ्या, झिरो टॉर्क फेस फिरण्यावर इलाज आहे, निशाणाच वाकडा लागत असेल तर हा पटर तुमचा वाकडा निशाणा इमानाने वाकडाच ठेवेल.

मग आपली चूक कुठली हे कळणार कसं? कॅडीला (बॅग घेऊन सोबत चालणाऱ्या मदतनिसाला) विचारा. आपल्याकडचे कॅडी ग्रीन वाचण्यात पक्के असतात, "साहेब, एक कप उजवीकडून" म्हणाले की बहुतेक तसंच असतं, पण त्यांना फेस बघायला कोणी सांगतच नाही. प्रॅक्टिस ग्रीनवर ८ फुटांचा सरळ पट शोधा, निशाणा लावा, हलू नका, आणि कॅडीला किंवा मित्राला मागे बसून फेस कुठे बघतोय ते सांगायला लावा. दर वेळी एकाच बाजूला वाकडा असेल तर प्रश्न अलाइनमेंटचा, तिथे वेगळ्या आकाराचं किंवा वेगळ्या रेषेचं हेड चमत्कार करतं, काहींना लांब रेष लागते, काहींना नुसता एक ठिपका. निशाणा सरळ असेल तर होलच्या दिशेने फूटभर पुढे दोन टी (बॉल ठेवायच्या खुंट्या), बॉल जेमतेम जाईल एवढ्या फटीत रोवा आणि मारा, बॉल टीला धडकत असेल तर फेस फिरतोय. आणि तिसरी तपासणी मला सगळ्यात आवडते, व्हाइटबोर्ड मार्करने बॉलवर जाड ठिपका काढा, तो ठिपका फेसकडे ठेवून २५-३० फुटांचे पट मारा, दर पटनंतर फेसवर शाई कुठे लागली ते बघा आणि पुसा. ठिपके फेसभर पसरलेले दिसले तर ब्लेडचा मोह सोडा, मॅलेट घ्या, थ्री-पट (एका होलला तीन पट लागणं) तिथेच कमी होतील.

हे लांबच्या पटचं मी एवढं लावून धरतोय कारण आपल्या ग्रीन्स. टीव्हीवर ऑगस्टाला (मास्टर्सच्या कोर्सवर) बॉल नुसता स्पर्श केला की घरंगळतो, आपल्याकडे बर्म्युडा गवत, त्याचा ग्रेन (पाती झुकलेली दिशा), आणि पावसाळ्यात तर ओली जड ग्रीन, ३० फुटांचा पट चांगला झोका घेऊन मारावा लागतो. झोका जितका मोठा तितका बॉल फेसच्या मध्यावर लागायची खात्री कमी, म्हणून खारघर असो की पुणे, हळू ग्रीनवर खेळणाऱ्याला मॅलेटची माफी जास्त कामाला येते असं माझं ठाम मत आहे. याच कारणाने लॉफ्टकडेही (फेस मागे झुकलेला कोन) बघा. पटरला साधारण ३-४ डिग्री लॉफ्ट असतो, गवतात थोडा रुतलेला बॉल वर उचलून लोळवायला तो लागतोच. तुम्हाला मारायच्या आधी हात पुढे ढकलायची सवय असेल तर तुम्ही लॉफ्ट खाताय, मग २ डिग्रीचा पटर तुमच्याकडे जवळजवळ शून्याचा होतो आणि बॉल आधी उसळ्या मारतो.

लांबी. या एका गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण दुकानात ३४ किंवा ३५ इंचाचाच पटर समोर ठेवतात आणि पाच फूट चार-पाच इंचाचा माणूस तोच घेऊन जातो. मग एक तर ग्रिपचं टोक पोटाला टोचतं, नाहीतर माणूस बॉलपासून लांब उभा राहतो आणि टो हवेत उचलला जातो. टो उचलला की फेस डावीकडे बघायला लागतो, उजव्या हाताने खेळणाऱ्याचा. खेळता तसे वाका, हात खांद्यातून नुसते लोंबकळू द्या, तळवे जिथे जुळतात तिथे ग्रिपचा मध्य यायला हवा, आणि डोळे बॉलच्या बरोबर वर किंवा किंचित आत. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ३३ इंच बसतो, काहींना ३२ सुद्धा. पण नुसता शाफ्ट कापून आणू नका, लांबी कमी झाली की हेड हलकं वाटायला लागतं, त्यामुळे हेडचं वजन बदलायची सोय असलेला पटर घ्या किंवा मुळातच त्या लांबीसाठी बनवलेला मागवा. पोटाला किंवा छातीला टेकवून मारायला १ जानेवारी २०१६ पासून बंदी आहे, लांब झाडूवाला पटर चालतो पण टेकवायचा नाही.

ग्रिपबद्दल थोडक्यात. जाड ग्रिपने मनगटं शांत राहतात, बारीक पिस्तूल ग्रिपने हेड जास्त जाणवतं. ग्रिप ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे, त्यामुळे जुना पटर आवडत असेल आणि फक्त मनगट मोडत असेल तर आधी नुसती ग्रिप बदलून महिनाभर खेळा, कदाचित नवा पटर लागणारच नाही.

मिल्ड स्टील की इन्सर्ट, यावर लोक तावातावाने बोलतात पण हे तुमच्या बॉलवर जास्त अवलंबून आहे. मऊ युरेथेन बॉल खेळत असाल तर मिल्ड फेसचा आवाज आणि फील सुंदर येतो. कडक टू-पीस बॉल किंवा तळ्यातून काढलेले मिळतील ते बॉल खेळत असाल तर स्टीलवर टक्क असा आवाज येतो आणि बॉल पळतो असं वाटतं, तिथे इन्सर्ट बरा. पटर बघायला जाताना स्वतःचे बॉल आणि स्वतःचा जुना पटर दोन्ही घेऊन जा, दुकानातल्या बॉलवर काही ठरवू नका.

मला कोणी विचारलं तर १८ च्या वरच्या हँडिकॅपला (पारपेक्षा साधारण तेवढे शॉट जास्त घेणाऱ्याला) छोट्या वाकड्या नेकचा मॅलेट, योग्य लांबीचा. सिंगल हँडिकॅप असेल, शाईचे ठिपके एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पडत असतील आणि मनापासून ब्लेडच आवडत असेल तर बिनधास्त ब्लेड घ्या, जो पटर बघून धीर येतो तोही एक गुणच. छोट्या पटची धास्ती बसली असेल तर झिरो टॉर्क, पण आधी कोणाचा तरी उसना घेऊन चार-पाच राउंड खेळल्याशिवाय पैसे टाकू नका.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी मात्र इशारा. पटर जुना घेण्यात काहीच कमीपणा नाही, ड्रायव्हरसारखा तो थकत नाही, दहा वर्षांचा ॲन्सर आजही तसाच चालतो, फक्त ग्रिप नवी टाका. पण स्कॉटी कॅमेरॉनच्या नकली प्रती बाजारात भरपूर फिरतात. किंमत संशयास्पद कमी असेल, कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट असतील, रंग भरलेल्या ठिपक्यांतून बाहेर आला असेल, हेडकव्हरची शिलाई ढिली असेल तर हात लावू नका, आणि विकणारा मूळ बिल दाखवायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा.