डीएसआयपीची बाटली मागवली, २ स्टार, तेही पॅकिंगला

डीएसआयपी म्हणजे झोप लावतं म्हणून विकलं जाणारं, टोचून घ्यायचं एक पेप्टाइड, प्रथिनासारखीच पण छोटी साखळी. आधीच सांगतो, हे मी कोणाला टोचलेलं नाही, त्यामुळे झोप कशी लागली वगैरे विचारू नका. दादाला शाळेपासून फिट येतात, गोळ्या चालू आहेत, पण जागरण झालं की सकाळी झटका यायची धाकधूक असतेच, त्यात एका साइटवर वाचलं की हे पेप्टाइड झोप पण लावतं आणि फिट पण थांबवतं, झालं, रात्री दीड वाजता ऑर्डर टाकून मोकळा, साडेतीन हजार गेले.

डबा मस्त, आत फोम, पण बर्फाचा पॅक नाही. करंगळीएवढी बाटली, तळाला पांढऱ्या पावडरीची चकती, हलवली की कडेला सरकते. लेबलवर बारीक अक्षरात 'फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही'. हे साइटवर वरती का नाही लिहिलं बाबा?

मग बसून वाचलं. गोष्ट अगदी थाप नाहीये. १९७७ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये बासेलला सशाच्या मेंदूकडून येणाऱ्या रक्तातून हे वेगळं काढलं, नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी. पुढे बेलग्रेडच्या लोकांनी उंदरांना मेटाफिट नावाचं रसायन देऊन मोठ्ठा आवाज ऐकवला, तसं केलं की त्यांना झटके येतात, आणि हे पेप्टाइड दिलेल्यांमध्ये झटके कमी झाले. कमी हां, गायब नाही. आणि उंदरांमध्ये. झोपेचं म्हणाल तर माणसांवरच्या चाचण्यांत कुठे फरक दिसला, कुठे जेमतेम, शिवाय रक्तात गेल्यावर ते फार वेळ टिकत पण नाही. साइटवाल्याने यातलं फक्त 'झटके कमी झाले' एवढंच उचललंय.

न्यूरोच्या मॅडमना बाटली दाखवली. त्यांनी चष्मा वर करून लेबल वाचलं आणि पहिला प्रश्न, "गोळी बंद नाही ना केलीत?" नाही म्हटल्यावर खुर्चीत मागे टेकल्या. म्हणाल्या, आत नेमकं काय आहे, किती आहे, निर्जंतुक आहे का हे कोणी तपासलंय, आणि गोळी मध्येच सोडली तर झटक्यांवर झटके येऊ शकतात. दादा शेजारी बसून माझ्याकडे असा बघत होता की विचारू नका.

रिफंड मागितला तर उत्तर आलं, सर तुम्ही ऑर्डर देताना 'मी संशोधक आहे' या चौकटीत टिक केली होती. केली होती खरी.