सात डोळ्यांचा दगड

नोकरीनिमित्त मी ग्वांगझूला असतो आणि 4 वर्षांपासून चिनी सुलेखन शिकतोय. सरांच्या सत्तरीला चांगला शाईदगड द्यायचा म्हणून मुद्दाम झाओचिंगला गेलो. आपण सहाणेवर चंदन उगाळतो, तशी तिकडे या दगडावर पाण्यात शाईची कांडी उगाळतात. झाओचिंगच्या 'त्वान' दगडाचं नाव तांग राजवटीपासून (618–907) आहे. नावाजलेल्या जुन्या खाणी आता बंद आहेत आणि गिऱ्हाईक नेमकं तिथेच फसतं.

एका दुकानदाराने 'जुन्या खाणीचा शेवटचा माल' म्हणत जांभळट काळा दगड पुढे केला. त्यावर सात डोळे होते. डोळे म्हणजे दगडात उपजत असणारे हिरवट-पिवळट गोल ठिपके. ते असले की भाव चढतो. त्याने वरून पाणी ओतलं, डोळे लखलखले आणि मी भुललो. 3,800 युआन मोजले. पावतीसुद्धा घेतली नाही.

घरी येऊन दगड कोमट पाण्यात ठेवला, तर पाणी जांभळं झालं. पांढऱ्या फडक्याने पुसला तिथे साधा राखाडी दगड दिसायला लागला. एक डोळा नखाने हलला, मग सुटून हातातच आला. खाली वाटोळी खोबण आणि कडेने सुकलेला पिवळट गोंद. कांडी उगाळून बघितली तर ती नुसतीच घसरत होती, पाणी काळं होईना. फोन केला तेव्हा दुकानदार म्हणाला, "तुम्हीच खराब केलात."

सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी स्वतःचा दगड माझ्या हातात दिला. हाताला लहान बाळाच्या गालासारखा मऊ, तरी कांडीला धरणारा. उगाळताना आवाज जवळजवळ नाहीच. माझ्या दगडाआधी हा हाताळला असता तर!

तुम्ही घेणार असाल तर दगड ओला नको, कोरडा बघा. मग ओल्या पांढऱ्या फडक्याने तळ जोरात घासा. डोळ्याची कड भिंगातून तपासा, बसवलेल्या डोळ्याभोवती सांध्याची रेघ दिसते. एकाच नक्षीचे हुबेहूब सारखे दगड ओळीने मांडलेले असतील तर ते भुकटी आणि राळ साच्यात ओतून केलेले असू शकतात. आणि कांडी उगाळून दाखवायला जो नाही म्हणेल, त्याच्याकडून घेऊच नका.

तो सुटलेला डोळा मी डबीत जपून ठेवलाय. झाओचिंगला निघालेल्या कुणालाही आधी तो दाखवतो.