टोकियोत मावशीची साठी: फिरती सुशी की तेप्पानयाकी?

मावसबहिणीचा फोन आला. मावशीला साठ पूर्ण होतायत, टोकियोतच जेवायला न्यायचंय, पण कुठे ते ठरेना. जपानातही साठी मोठी मानतात. तिला 'कानरेकी' म्हणतात, लाल जाकीट घालतात. तेव्हा जेवण मनासारखं व्हायलाच हवं.

खर्चात फिरती सुशी, म्हणजे फिरत्या पट्ट्यावरून बशीबशीने समोर येणारी सुशी, केव्हाही हलकी. 1958 साली ओसाकात सुरू झालेला हा प्रकार आजही साध्या बशीला 100-150 येनपासून मिळतो, शेवटी बशा मोजून बिल. तेप्पानयाकीत, म्हणजे समोरच्या गरम लोखंडी तव्यावर भाजून देतात त्या प्रकारात, वाग्यूचं, म्हणजे जपानी गोमांसाचं, रात्रीचं जेवण माणशी 10,000 येनच्या पुढे सहज जातं. दुपारी बरंच स्वस्त पडतं.

खरा प्रश्न मावशीच्या शाकाहाराचा आहे. सुशी बहुतेक माशांची, आणि सोबतच्या मिसो सूपमध्येही (आंबवलेल्या सोयाबीनचं सार) बहुधा दाशी हे जपानी रश्श्याचं पाणी असतं, त्यात सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क. म्हणजे सुशीत तिच्या वाट्याला काकडीची कप्पामाकी, म्हणजे भाताची गुंडाळी, फार तर नात्तोची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची. तेप्पानयाकीत वांगी, मशरूम, टोफू समोरच भाजतात. लसणाच्या चकत्या सोनेरी होऊन चुरचुरताना बघायला तिला नक्की आवडेल. पण तवा मांसाचाच. वेगळा भाग आणि साधं तेल मिळेल का, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घे.

लहान मुलं बरोबर असतील, सगळे मासे खाणारे असतील, तर निःसंकोच फिरती सुशी. चार-पाच मोठी माणसं, निवांत दोन तास आणि जागा तव्याची अट मान्य करत असेल, तर दुपारची तेप्पानयाकी. मावशीला मी तिथेच नेईन.