४७,३५० रुपयांचा स्पंज

कयाकवर, म्हणजे वल्हवायच्या छोट्या होडीवर, लागणारं सुरक्षा सामान घेताना मी फसलो, त्याचा आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर सांगताना जीभ अडखळायला नको. ४७,३५० रुपये. आगाऊ १२,५००, ‘माल निघाला’ म्हटल्यावर २३,०००, बीकनच्या (संकटात उपग्रहाला हाक देणाऱ्या यंत्राच्या) ‘आंतरराष्ट्रीय नोंदणी’चे ४,८५० आणि परत मिळणाऱ्या अनामतीचे ७,०००. अनामत! विकत घेतलेल्या वस्तूवर अनामत कसली, हे वीस वर्षं लोकांच्या हिशेबवह्या तपासणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला विचारावंसं वाटलं नाही. घरी अजून यातले शेवटचे ७,००० सांगितलेले नाहीत.

असले प्रकार कसे चालतात ते तुम्हाला ठाऊक आहे. देखणे फोटो, ‘शेवटचे दोनच संच उरलेत’, शब्दाशब्दाला ‘सर’. ते सगळं झालं, परत उगाळत नाही. पण मी हावरटपणा केला नव्हता, एवढं ऐकून घ्या. वर बसून वल्हवायची कयाक माझ्याकडे आधीच होती, मित्राकडून ठोकूनबजावून घेतलेली. गळ, रीळ, मासे शोधायचं यंत्र यांतलं काही मी मागितलंच नाही. समुद्रात उतरायच्या आधी जीव वाचवायचं सामान घ्यावं, एवढाच विचार होता. त्या विक्रेत्याने नेमका याच शहाणपणाला गळ लावला. ‘नवशिक्यासाठी संपूर्ण सुरक्षा संच’: लाइफ जॅकेट, हातातला व्हीएचएफ रेडिओ (समुद्रातून मदत मागायचा), आपत्कालीन बीकन, वल्ह्याची दोरी, शिट्टी. शिट्टी मात्र खरी निघाली. वाजते.

आता तो क्षण. रोज रात्री तोच डोळ्यांपुढे येतो. पैसे पाठवायच्या आधी मी व्हिडिओ कॉल करायला लावला होता, म्हणजे तेवढी अक्कल होती. त्याने बादलीत जॅकेट टाकलं. तरंगलं. दोन सेकंदांत बाहेर काढलं आणि हसत म्हणाला, “बघा सर.” मी बघितलं. अहो, दोन सेकंद तर चपातीही तरंगेल! मग त्याने बीकन कॅमेऱ्यासमोर धरला. आदल्याच रात्री मी वाचून बसलो होतो की खऱ्या बीकनला १५ अक्षर-अंकांचा स्वतःचा कोड असतो, आणि तो मालकाने स्वतः, आपल्या नावाने नोंदवायचा असतो. म्हणून विचारलं, “कोड कुठाय?” तो म्हणाला, “तो आम्ही आतून टाकतो सर, नोंदणीसकट. ४,८५० फक्त.” आणि त्या यंत्रावर, माझ्या डोळ्यांसमोर, ठळक छापलं होतं १२१.५.

१२१.५ मेगाहर्ट्झवरची हाक उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून ऐकणं बंद केलं आहे. आता ४०६ लागतं. हेही वाचलं होतं मी! पण ४०६ च्या बीकनमध्येही शोधपथक जवळ आल्यावर नेमकी जागा सापडावी म्हणून १२१.५ चा सिग्नल असतो, तेव्हा हा आकडा त्याचाच असेल अशी मी स्वतःची समजूत घातली. अर्धवट माहिती फार वाईट. काहीच ठाऊक नसतं तर कदाचित कुणाला तरी विचारलं असतं. बीकनवर ४०६ आणि तो कोड दोन्ही दिसल्याशिवाय खिशात हात घालू नका, आणि नोंदणीचे पैसे विक्रेत्याच्या हातात कधीच नाही.

माल आला. हो, आला, आणि पुढचा सगळा घोळ त्यानेच झाला. मित्राला बाजूला उभं करून कमरेएवढ्या पाण्यात कयाक मुद्दाम उलटवायची, सुलटी करायची, पोटावर पालथं पडून वर चढायचं, असा सराव सुरू केला. (हा सराव केल्याशिवाय कुणीही आत जाऊ नये, सामान कितीही खरं असो.) पहिल्यांदा चढलो. दुसऱ्यांदा धापा टाकत. तिसऱ्यांदा चढताच येईना. वाटलं, वय झालं. वय नव्हतं, जॅकेट खाली ओढत होतं. पंचवीस मिनिटांत पावसात राहिलेल्या गोधडीसारखं जड झालं होतं. घरी काट्यावर टाकलं: ४ किलो १०० ग्रॅम. कोरडं असताना ७०० ग्रॅम होतं. शिवण उसवली तर आत सोफ्याच्या गादीतला स्पंज. वर लेबल ‘५० न्यूटन’. म्हणजे साधारण पाच किलोचा उठाव पाहिजे, आणि इथे उलटा, पाण्यातून वर चढताना, जवळजवळ साडेतीन किलो शोषलेल्या पाण्याचा भार.

शिवाय ५० न्यूटन म्हणजे खरं असलं तरी काय, ते कळून घ्या. ज्याला पोहता येतं आणि मदत जवळ आहे, त्याच्यासाठी ते असतं. वल्हवताना हात मोकळे राहतात म्हणून कयाकवाले तेच घालतात. शुद्ध हरपली तर तोंड पाण्याच्या वर राखायची हमी त्यात नाही. गार पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिटभर तर श्वासच ताब्यात राहत नाही, आणि पुढच्या साधारण दहा मिनिटांत हातपाय कामातून जातात. तेवढ्या वेळात पाठीवर स्पंज! आणि नवशिक्याला चकवणारा, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सुटला असेल तर किनाऱ्याजवळ पाणी ताटासारखं शांत दिसतं, आणि वारा आत आत नेत असतो.

रेडिओचं तर हसू येतं. “सोळा नंबर चालतो सर,” म्हणाला होता. समुद्रातल्या मदतीचा १६ क्रमांकाचा चॅनल १५६.८ मेगाहर्ट्झवर असतो. याचं बटण सोळाव्या खुणेपर्यंत फिरतं, एवढंच. चालतो ४०० च्या वर कुठेतरी, बांधकामावरचे मुकादम वापरतात तसला.

लोकांना यात नवल वाटतं, पण हा धंदा जुना आहे. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये ‘जनरल स्लोकम’ ही प्रवासी बोट पेटली, हजाराहून जास्त माणसं गेली. बोटीवरच्या जॅकेटांतल्या बुचाचा भुगा झाला होता, आणि नंतरच्या तपासात वजन भरावं म्हणून आत लोखंडी कांबी घातलेले बुचाचे ठोकळे सापडले. २०१६ च्या जानेवारीत तुर्कस्तानात इझमीरच्या पोलिसांनी १,२६३ बनावट जॅकेटं पकडली, निर्वासितांना विकायची, आत पॅकिंगचं भरताड. तिथे निदान पोलिसांनी पकडली.

माझ्याकडे काय झालं? बँकेत गेलो. “तुम्ही स्वतः पाठवलेत ना? मग व्यवहार अधिकृत आहे.” बाई स्क्रीनवरून मान वर करायला तयार नाहीत. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते, दुसऱ्या दिवशी फॉर्म नव्हता. तिसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, “माल मिळाला ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब.” मी म्हटलं, साहेब, हे घालून माणूस बुडतो. “कोणी बुडालंय का?” नाही. “मग?” या ‘मग’ला उत्तर काय द्यायचं? मी आधी बुडून यायला हवं होतं का? ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर विक्रेत्याचा पूर्ण पत्ता मागतात. अहो, पत्ता असता तर इथे कशाला आलो असतो! बीकनची नोंदणी करणाऱ्या कार्यालयाने तेवढं नीट ऐकलं, हे यंत्र नोंदवता येणार नाही असं लेखी दिलं, आणि तक्रारीसाठी परत पोलिसांकडे पाठवलं.

तेव्हा सामान हातात येताच जॅकेट वजन करा, अंगात घालून अर्धा तास उथळ पाण्यात बसा, परत वजन करा. पावती पूर्ण नावाची घ्या. व्हिडिओ कॉल जपून ठेवा, मी ठेवला नाही. शंका आली तर पहिल्या तासात बँकेला कळवा, मी लाजेपायी नऊ दिवस लावले आणि तेवढ्यात खातं रिकामं झालं.

लेखी कागद दाखवल्यावर परवा ठाण्यात तक्रार एकदाची घेतली. पुरावा जमा करायला सांगितलंय. “जॅकेट वाळवून आणा, इथे ओलं नको.” चार दिवस दोरीवर आहे. अजून टपकतंय.