घरबसल्या कोविडचे निदान आणि रजेचे प्रमाणपत्र : सोलापुरातील माझा अनुभव

२०२२ च्या जानेवारीत, ऐन संक्रांतीच्या आठवड्यात मला कोविड झाला. मी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहते आणि जुळे सोलापुरात राहते. घरी बहात्तर वर्षांच्या, मधुमेह असलेल्या सासूबाई आहेत. दवाखान्यात तासभर बाकावर बसून शेजारच्यांना आजार द्यायचा नाही आणि घरात सासूबाईंनाही तो लागू द्यायचा नाही, हे मी घसा धरला त्याच रात्री ठरवले होते. त्या दिवसांत मी ई-संजीवनी ही सरकारी सेवा वापरली, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून व्हिडिओवर तपासणी करून घेतली आणि एका खासगी अ‍ॅपच्या वाटेवरून परत फिरले. या तिन्हींबद्दल लिहिते आहे.

चाचणी घरीच केली. पुण्याच्या मायलॅबचे कोविसेल्फ किट औषधांच्या दुकानातून २५० रुपयांना आणवले. दोन्ही नाकपुड्यांत काडी पाच-पाच वेळा फिरवायची, नळीतल्या द्रावणात ढवळायची, पट्टीवर दोन थेंब सोडायचे आणि पंधरा मिनिटे थांबायचे, एवढीच कृती आहे. ‘सी’समोर, म्हणजे पट्टी नीट चालते हे दाखवणारी, रेघ लगेच उमटली; ‘टी’समोरची, म्हणजे विषाणू असल्याचे दाखवणारी, इतकी फिकट होती की मी पट्टी खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिली. रेघ फिकट असली तरी निकाल पॉझिटिव्हच धरायचा असतो, फक्त वीस मिनिटांनंतर दिसलेले काही ग्राह्य नसते. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मे २०२१ मधील सूचनेनुसार घरच्या चाचणीत पॉझिटिव्ह आलेल्याने पुन्हा चाचणी करण्याची गरज नाही; लक्षणे असून निगेटिव्ह आले, तर मात्र प्रयोगशाळेतील आरटीपीसीआर चाचणी करून घ्यावी.

ई-संजीवनी ही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची सेवा मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेने तयार केली असून तिची घरबसल्या ओपीडी एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाउनच्या काळात सुरू झाली. शुल्क काहीही नाही. मोबाइल क्रमांक टाकून ओटीपीने नोंदणी केली, टोकन मिळाले आणि आपला क्रमांक आल्यावर डॉक्टरांचा चेहरा पडद्यावर दिसला. आमच्या आतल्या खोलीत रेंज नीट नसल्याने मला खिडकीच्या गजाला टेकून बोलावे लागले, पण त्यात सेवेचा दोष नाही.

डॉक्टर बाईंनी घाई केली नाही, याचे मला फार मोल वाटते. ताप कोणत्या दिवशी आला, चढलेला सर्वांत जास्त किती, लसीचे दोन्ही डोस झाले का, घरात वयस्कर कोण आहे, खोली आणि संडास वेगळा मिळेल का, असे त्यांनी क्रमाने विचारले. मग म्हणाल्या, “ताई, ऑक्सिमीटर आहे ना? आधी बोटावरचं नेलपॉलिश काढा.” संक्रांतीसाठी लावलेला गडद लाल रंग मी त्यांच्यासमोर पुसला. ऑक्सिजनचा आकडा ९७ आला. त्यानंतर त्यांनी मला खोलीतल्या खोलीत सहा मिनिटे चालायला लावले आणि त्या तेवढा वेळ थांबल्या. चालून झाल्यावर आकडा ९६ होता आणि धाप लागलेली नव्हती. हे पाहून झाल्यावरच त्यांनी सौम्य कोविड असे निदान लिहिले.

औषधांत ताप आला तरच पॅरासिटामॉल ६५०, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि वाफ, एवढेच होते. शेजारच्या काकूंनी सुचवलेल्या अ‍ॅझिथ्रोमायसिनबद्दल मी विचारले, तेव्हा “हा विषाणू आहे, त्याला अँटिबायोटिक काय करणार?” असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्या वेळच्या नियमाप्रमाणे पॉझिटिव्ह आल्यापासून किमान सात दिवस आणि शेवटचे सलग तीन दिवस ताप नसेपर्यंत घरात वेगळे राहायचे होते. ताप तीन दिवसांहून जास्त १०० च्या वर राहिला, तासाभरात तीनदा मोजूनही ऑक्सिजन ९३ किंवा त्याखाली आला, किंवा छातीत दुखू लागले, तर “फोन लावत बसू नका, सरळ सिव्हिलला जा,” हे त्यांनी दोनदा बजावले. आलेल्या चिठ्ठीवर त्यांचे नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख होती. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन, म्हणजे दूरवरून उपचार करण्याच्या, मार्गदर्शक सूचनांनुसार चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे, तेव्हा तो आधी पाहावा.

खरी अडचण रजेची झाली. आमच्या कार्यालयाने ही चिठ्ठी रजेसाठी पुरेशी मानली नाही, ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र मागितले. अंगात १०१ ताप असताना मी मोबाइलवर शोधू लागले आणि दहा मिनिटांत प्रमाणपत्र देणारे एक अ‍ॅप सापडले. नाव लिहीत नाही. तिथे आजार यादीतून निवडायचा होता, दिवस आपणच भरायचे होते आणि तारीख मागची टाकली तरी चालत होती. डॉक्टर कुठे भेटतील याचा उल्लेखच नव्हता; शेवटच्या पानावर फक्त पैसे भरण्याचे बटण होते. मी तिथून बाहेर पडले. आपल्याला खरोखर आजार असताना असा विकतचा कागद जोडला, तर पुढे खऱ्या आजाऱ्याच्या कागदावरही कोणी विश्वास ठेवणार नाही, याचा मला मनापासून राग आला.

मग आमच्या घरच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी व्हिडिओ लावायला सांगितला, ई-संजीवनीची चिठ्ठी आणि किटचा फोटो मागवून घेतला आणि सगळे प्रश्न पुन्हा विचारले. नंतर म्हणाले, “ओळखीची खूण दाखवा.” मी बाही वर करून डाव्या कोपराखालचा तीळ कॅमेऱ्यासमोर धरला. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाविषयीच्या २००२ च्या नियमांत प्रमाणपत्रावर रुग्णाची ओळखखूण लिहिणे, त्याची प्रत जवळ ठेवणे आणि सर्व प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळले. त्यांनी सात दिवसांच्या रजेची शिफारस केली, आठवा दिवस मागूनही लिहिला नाही. “ताप राहिला तर पुन्हा बघू आणि वाढवू,” म्हणाले. २०० रुपये फी घेतली आणि सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो संध्याकाळी पाठवला.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. आमच्या कारखान्यातील ज्या कामगारांचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे, त्यांना ईएसआय या कामगारांच्या सरकारी विमा योजनेतून आजारपणाचा लाभ मिळू शकतो, म्हणजे अंशदानाची (विम्याचा हप्ता भरल्याची) अट पूर्ण असल्यास वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. त्यांनी मात्र ईएसआयच्या दवाखान्याचेच प्रमाणपत्र घ्यावे, माझ्यासारखे खासगी डॉक्टरांचे घेऊन थांबू नये. आमच्या गल्लीतले यंत्रमागावर काम करणारे अण्णा त्याच आठवड्यात पॉझिटिव्ह आले. त्यांच्या मुलाला मी फोनवरून ई-संजीवनीची नोंदणी सांगितली आणि त्यांनाही चांगला सल्ला मिळाला. प्रमाणपत्राचे विचारल्यावर अण्णा म्हणाले, “ते कुणाला देऊ, बाई? कापड निघालं तर पगार.” या सेवेचा निम्मा उपयोग त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि त्यात ना डॉक्टरांची चूक आहे ना अण्णांची.

सौम्य लक्षणांसाठी, घरात ऑक्सिमीटर आणि थर्मामीटर असेल तर, मी ई-संजीवनी निःशंकपणे सुचवेन. गर्भवती, दमेकरी किंवा धाप लागलेल्या माणसाने मात्र पडद्यावर विसंबून राहू नये. रजेसाठी आपल्याला ओळखणारा डॉक्टर गाठावा आणि पहिल्याच दिवशी गाठावा, कारण प्रामाणिक डॉक्टर मागची तारीख घालत नाहीत.

आठव्या दिवशी मी कामावर गेले तेव्हा एचआरच्या साहेबांनी माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून नोंदवहीची पाने उलटल्याचा आवाज आला, मग अनुक्रमांक आणि तारीख सांगितली गेली. साहेबांनी तो क्रमांक माझ्या अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिला आणि रजा मंजूर केली.