नव्या तलंगा: रात्री दांडीवर की जाळीपलीकडे?

पाच-सहा कोंबड्यांत नव्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, मिसळायच्या दोन रीती मी करून पाहिल्या. एक, अंधार पडल्यावर त्यांना गुपचूप जुन्यांच्या शेजारी दांडीवर बसवायचं. दुसरी, खुराड्यातच जाळी घालून दोन-तीन आठवडे नुसतं एकमेकींना दिसू द्यायचं. आधी तीन-चार आठवडे नव्यांना पूर्ण वेगळं ठेवून उवा, सर्दी तपासणं दोन्हीकडे आलंच. आणि एकटी तलंग आणू नये, निदान दोन तरी.

रात्रीचं काम सोपं, हे मान्य. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही, उचलली तरी निमूट बसते. ठोकाठोक नाही, जास्तीची भांडी नाहीत. सकाळी जुन्यांना वाटतं म्हणे, या इथल्याच. माझ्या कोंबड्यांना तसं काही वाटलं नाही.

वैताग निराळाच होता. कोंबड्यांची सकाळ तांबडं फुटताना होते, माझी त्यानंतर बऱ्याच वेळाने. तेवढा वेळ दार बंद, पळायला जागा नाही. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर एक तलंग कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून उभी, तुऱ्यावर रक्त, आणि मागे टोचत होती ती आमच्याकडची सगळ्यांत दबलेली जुनी कोंबडी! आता तिच्याही हाताखाली कुणीतरी आलं होतं ना. रक्त दिसलं की बाकीच्याही धावतात, म्हणून तलंगेला लगेच बाहेर काढलं. पुढे आठवडाभर गजर लावून अंधारात दार उघडायला जात होतो. घरचे काय म्हणाले ते जाऊ दे.

जाळीचा व्याप आहेच. जागा अडते, दाणा-पाणी दोनदा. भोकं डोकं जाईल एवढी मोठी नकोत, नाहीतर टोचाटोची तिथूनही होते. मी दोन्हीकडची भांडी जाळीला लावून ठेवायचो, म्हणजे समोरासमोर खाण्याची सवय लागते. एक फायदा मला नंतर कळला. अंडी घालणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात साधारण 4 टक्के कॅल्शियम असतं. अजून अंडी घालू न लागलेल्या तलंगांच्या मूत्रपिंडाला ते बरं नाही. जाळीमुळे खाद्य आपोआप वेगळं राहतं.

भांडण जाळी काढल्यावरही झालं, चार-पाच दिवस. पण ते दिवसा, मोकळ्या अंगणात. हरलेली पळून झुडपामागे जायची आणि विषय संपायचा. तेवढे दिवस भांडी दोन ठिकाणी ठेवली.

अंगण मोठं असेल, जुन्या दोन-तीनच असतील आणि तुम्ही मुळातच पहाटे उठत असाल, तर रात्रीची रीत चालूनही जाईल. मी पुढच्या वेळी जाळीच बांधली. काढल्यावर तीन रात्री तलंगा आपल्या जुन्या कोपऱ्यातच बसल्या. चौथ्या रात्री पाहिलं तर दोघीही दांडीवर, अगदी टोकाला, एकमेकींना चिकटून.