गाण्यांच्या सीडीवर थेट छपाई : एप्सन एल८०५ कित्येक महिने वापरल्यानंतरचा अनुभव

भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग, क्लासमधल्या बंदिशी, जुन्या कॅसेटवरून उतरवलेली कीर्तनं हे सगळं अजूनही सीडीवर मागणारे श्रोते आहेत. घरातला प्लेयर चालू आहे, गाडीतला डेकही चालू आहे. अशा सीडीवर नाव घालायचं असेल तर स्टिकर लावू नका. छापता येणारी पांढरी सीडी घ्या आणि सीडीचा ट्रे असलेल्या इंकजेटवर थेट छापा. भर पावसाळा धरून बरेच महिने एप्सनच्या एल८०५ प्रिंटरवर हेच काम केल्यावर हे मत पक्कं झालं आहे.

स्टिकरला एवढा विरोध का, ते सीडीच्या रचनेत आहे. १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट खालच्या बाजूला असतं. आवाज जिथे लिहिला जातो तो रंगद्रव्याचा थर आणि त्यावरचा चकचकीत परावर्तक थर अगदी वर असतात, आणि त्यांच्यावर लॅकरचा पातळ पापुद्रा, बस. म्हणजे आपण जपतो ती खालची बाजू दणकट आणि जिथे गोंद लावतो ती नाजूक. वाकडा बसलेला स्टिकर काढायला जावं तर त्याच्यासोबत परावर्तक थर सोलून येतो आणि सीडी कायमची जाते. नीट बसला तरी उन्हात उभ्या गाडीत गोंद मऊ होतो, कड उचलली जाते आणि सीडी डेकच्या फटीत अडकते. कॉम्प्युटरच्या ५२एक्स (म्हणजे ५२ पट वेगाच्या) ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला साधारण १०,००० फेरे घेते. तिथे जरासा सरकलेला कागदही थरथर निर्माण करतो. डीव्हीडीचा डेटा मध्ये असल्याने सोलण्याची भीती नाही, पण कागद आक्रसला की चकती वाकते आणि वाचताना अडखळते.

लेसरनेच चकतीवर एकरंगी चित्र उमटवणारं लाइटस्क्राइब तंत्र सुबक होतं, पण त्याच्या कोऱ्या सीडी आता नव्याने बनत नाहीत आणि उजेडात ठेवल्या की चित्र फिकं पडतं. दोन-चार सीडीच करायच्या असतील तर मऊ टोकाचा, पाण्याच्या शाईचा सीडी मार्कर पुरतो. बॉलपेन मात्र कधीच नको, त्याच्या टोकाने वरचा थर दबतो.

आता मशीन. एल८०५ सहा रंगांचा टाकीवाला प्रिंटर आहे : काळा, निळा, किरमिजी, पिवळा, शिवाय फिका निळा आणि फिका किरमिजी. ६७३ मालिकेच्या ७० मिलिलिटरच्या बाटल्या लागतात. स्कॅनर नाही, स्क्रीन नाही. सीडीच्या कामाला त्याचा काही तोटा नाही. चकती ट्रेवर ठेवून समोरून सरळ आत जाते, कुठेही वाकत नाही. शाई डाय प्रकारची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची आहे. रंग खुलतात, पण ओलाव्यापुढे टिकत नाहीत, आणि पुढची बरीचशी काळजी याच एका गोष्टीमुळे घ्यावी लागते.

कोरी सीडी घेताना डब्यावर ‘इंकजेट प्रिंटेबल’ लिहिलेलं हवं. नुसती पांढरी दिसणारी चालत नाही, तिच्यावर शाई थेंबाथेंबाने उभी राहते आणि बोट लागलं की पुसून जाते. मधल्या भोकाजवळपर्यंत पांढरा थर असलेली मिळाली तर तीच घ्या. तिच्यावर साधारण २३ ते ११८ मिलिमीटर व्यासाच्या दरम्यान छापता येतं. जुन्या प्रकारात आतलं कडं मोठं असतं, तिथे नाव मावत नाही. व्यास पट्टीने मोजून सॉफ्टवेअरमध्ये भरा. एप्सनच्या ‘प्रिंट सीडी’ या सॉफ्टवेअरमध्ये आतला १८ ते ४६ आणि बाहेरचा ११४ ते १२० मिलिमीटर असा बदलता येतो. प्रत्यक्ष थरापेक्षा आतला व्यास एक मिलिमीटर जास्त आणि बाहेरचा एक मिलिमीटर कमी धरा. पारदर्शक कड्यावर पडलेली शाई कधीच सुकत नाही. ती तशीच प्लेयरमध्ये जाते. चुकून पडलीच तर लगेच मऊ, किंचित ओल्या फडक्याने टिपा.

क्रम नेहमी हाच ठेवा : आधी बर्न (सीडीवर गाणी लिहिणं), मग पूर्ण वाजवून तपासणी, मग छपाई. छापताना चकती हाताळली जाते, धूळ आणि बोटांचे ठसे बसतात, आणि त्यांच्यावरून लिहायला गेलं की चुका होतात. शिवाय बर्न फसलेल्या सीडीवर शाई वाया जात नाही.

ट्रे घालताना प्रिंटर चालू करून पूर्ण शांत होऊ द्या. समोरचा कागदाचा ट्रे सीडीच्या स्थितीत घ्या, चकती पांढरी बाजू वर करून दाबून सपाट बसवा आणि ट्रेवरची खूण प्रिंटरवरच्या खुणेला जुळेपर्यंत आत सरकवा. दोन्ही कडा रोलरखाली जायला हव्यात. ट्रे आत असताना मशीन चालू-बंद करू नका. पहिली छपाई कायम निकामी सीडीवर घ्या. वर्तुळ एका बाजूला सरकलं असेल तर सॉफ्टवेअरमध्ये छपाईची जागा मिलिमीटरच्या अंशांत हलवता येते. हा आकडा वहीत लिहून ठेवा. ट्रे बदलला की तो बदलतो.

कागदाच्या प्रकारात साधं ‘सीडी/डीव्हीडी’ निवडा. ‘प्रीमियम सरफेस’ हा पर्याय चांगल्या पृष्ठभागाच्या चकत्यांसाठी आहे, साध्या चकतीवर त्याने शाई साचते. साचत असेल तर रंगांच्या सेटिंगमध्ये घनता आणि गडदपणा कमी करा. पूर्ण काळी किंवा गर्द मरून पार्श्वभूमी टाळलेलीच बरी. पांढऱ्यावर रेषाचित्र आणि अक्षरं अधिक देखणी दिसतात, आणि वाळतातही लवकर.

देवनागरीसाठी मात्र जास्त लक्ष द्यावं लागतं. सीडीच्या गोलाईप्रमाणे नाव वळवण्याचा मोह होतो. वरच्या कमानीत शिरोरेषा बाहेरच्या, लांब कडेला येते आणि दर दोन अक्षरांमध्ये फट पडते. खालच्या कमानीत उलट, शिरोरेषा एकमेकींवर चढतात आणि वरच्या मात्रा आपटतात. उपाय असा : इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव सरळ ओळीत टाइप करा, त्याचं पाथमध्ये (रेखाकृतीत) रूपांतर करून सगळी अक्षरं युनियनने एक करा, आणि मग पाथ इफेक्टमधला ‘बेंड’ लावा. अखंड शिरोरेषा अखंडच वळते. लांब नावं सरळच ठेवा.

अक्षराचा आकार हा दुसरा मुद्दा. ‘मूर्ती’ हा शब्द सात पॉइंटात छापून भिंगाखाली पाहा : रफार आणि दीर्घ वेलांटी मिळून एकच डाग झालेला दिसतो, कारण सीडीच्या थरावर शाई फोटो कागदापेक्षा जास्त पसरते. नऊ पॉइंटाखाली जाऊ नका. मुक्तासारखा मोकळ्या पोटाचा फॉन्ट घ्या, बारीक वजनाचा नको. अंतिम चित्र १२० मिलिमीटर चौरसाचं, ६०० डीपीआयचं (इंचाला ६०० ठिपके) म्हणजे २८३५ पिक्सेल बाजूचं पीएनजी करून सॉफ्टवेअरमध्ये आणा. अक्षरं तिथे टाइप करू नका, म्हणजे जोडाक्षरं तुटायचा प्रश्नच राहत नाही.

गाण्यांची यादी चकतीवर छापाच. प्लेयरच्या पडद्यावर नावं दाखवणाऱ्या सीडी-टेक्स्टमध्ये देवनागरीची सोयच नाही. तिथे रोमन लिपीत थोडक्यात नाव द्या, आणि राग, ताल, गायक, वर्ष हे सगळं भोकाच्या डाव्या-उजव्या बाजूला दोन भागांत देवनागरीत मांडा.

वाळवणं. २४ तास सीडी सुटी, सावलीत, छापील बाजू वर करून ठेवा. उन्हात नाही, हेअर ड्रायरने तर नाहीच. कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये एका दिवसाने भागत नाही, दोन दिवस धरा. फटीतून सीडी आत ओढणाऱ्या गाडीच्या डेकमध्ये रबरी रोलर छापील बाजूला लागू शकतो, त्यामुळे अर्धवट वाळलेली शाई रोलरला लागते आणि पुढच्या प्रत्येक सीडीवर उमटते. ओल्या हाताची धास्ती असेल तर ॲक्रिलिक क्लिअर स्प्रेचे दोन पातळ हात द्या. आधी मधलं कडं आणि खालची बाजू नीट झाका, कारण त्यातल्या द्रावकाने पॉलिकार्बोनेट धुरकट होऊ शकतं.

प्रिंटर बंद पडून राहिला की नोझल (शाई सोडणारी बारीक छिद्रं) बुजतात. आठवड्यातून एकदा नोझल तपासणीचं पान काढा. रेषा तुटक दिसली तरच हेड क्लीनिंग करा. प्रत्येक क्लीनिंगची शाई आतल्या स्पंजमध्ये जाते आणि तो भरला की मशीन सर्व्हिसला न्यावं लागतं.

नवा घ्यायचा असेल तर आता एल८०५० बघावा लागेल, त्याची शाई वेगळी आहे. जुना एल८०५ घेताना एक गोष्ट पारखा : आपल्याकडे हे मशीन झेरॉक्सच्या दुकानांत पीव्हीसी कार्ड छापायला भरपूर वापरलं गेलं. सीडीच्या वाटेनेच कार्डाचा ट्रे जातो, त्यामुळे बाजूचे रोलर झिजलेले असू शकतात आणि मूळ सीडी ट्रे बरेचदा हरवलेला असतो. दुसऱ्या मॉडेलचा ट्रे चालत नाही. व्यवहार करण्याआधी मूळ ट्रे मागा, घरची एक कोरी प्रिंटेबल सीडी सोबत न्या आणि तिच्यावर वर्तुळ छापून घ्या. दोन्ही बाजूंना सारखी किनार राहिली तर मशीन घ्यायला हरकत नाही.